बुलेटचं तेल आणि पुतलीबावलीचे उस्ताद



१ नोव्हेंबर १९५६ला मराठवाडा हैदराबादपासून वेगळा होऊन मुंबई राज्यात गेला, पण नोकरीपायी इथं रुजलेली आपली घरं काचीगुडा, सुलतान बाजार, गौलीगुड्यात तशीच राहिली. त्या घरांतल्या शाळा-गणपतीच्या आठवणी बऱ्याच जणांनी लिहिल्यात. मी लिहितोय दारातल्या बुलेटबद्दल.

१९५५ साली मद्रासला एन्फिल्ड इंडिया उभी राहिली. लष्कराला ३५० सीसी बुलेट हव्या होत्या. इंजिनाची घडण इंग्लंडमधल्या रेडिचची. तिथला कारखाना पुढे बंद पडला, आपल्याकडे मात्र ते इंजिन कितीतरी दशकं बनत राहिलं. क्रँककेस मधोमध उभी दुभागलेली, गिअरबॉक्स वेगळी, तेलाची टाकी क्रँककेसच्याच ओतकामात. जोड फार, म्हणून पॅकिंगंही फार. बुलेटखाली डाग नसेल तर तेल संपलं समजा, असं लोक गमतीनं म्हणायचे.

१९७८च्या दिवाळीत आम्ही मीटरगेजनं नांदेडला आजोळी गेलो. पंधरा दिवसांनी परतल्यावर बाबांनी किक मारली, तर इंजिन चहूबाजूंनी तेलानं माखलं. एका गॅरेजवाल्यानं सांगितलं, पूर्ण इंजिन खोलावं लागेल. खर्च बाबांच्या दीड पगाराचा! गाडी विकायची बोलणी सुरू झाली. पण आईला लांबच्या शाळेत सोडायला तीच गाडी होती. ती गेली की आईची नोकरीही गेली, हे घरात सगळ्यांना कळत होतं.

बाबा गाडी ढकलत पुतलीबावलीला उस्तादांकडे गेले. ते म्हणाले, "इंजन नक्को खोलो साब. पहले देखो, तेल किधर से आरा."

त्यांनी इंजिन रॉकेलनं धुतलं, पुसून कोरडं केलं, वर टाल्कम पावडर भुरभुरली आणि बाबांना टँकबंडपर्यंत चक्कर मारायला लावली. वाऱ्यानं तेल मागं पसरतं, म्हणून ओल्या डागाच्या वरती आणि पुढं बघायचं. इथं तर सगळेच जोड थोडे थोडे ओले! म्हणजे पॅकिंग फाटलं नव्हतं, आतली हवा कोंडली होती. पिस्टन खाली येताना क्रँककेसमधली हवा ब्रीदरच्या रबरी झडपेतून बाहेर जाते. ती झडप कडक होऊन चिकटली होती. त्यात गाडी उभी राहिल्यानं टाकीतलं तेल पंपातून झिरपून खाली साचलं होतं. वाट न मिळाल्यानं ते जोडांतून निघालं.

उस्तादांनी साचलेलं तेल काढलं, नवी झडप बसवली. टॅपेट कव्हरवर कागद ठेवून हातोडीनं हलके ठोकत नवं पॅकिंग कापलं. सगळं मिळून थोडक्या रुपयांत झालं.

आई त्याच शाळेतून १९९४ साली निवृत्त झाली. पहिली बरीच वर्षं ती बुलेटवरच गेली.

तुमच्या घरची गाडी कोणते उस्ताद बघायचे? नक्की लिहा.