हातातील जीपीएस: ठिकाण उपग्रहांचे, वाट नकाशाची

जानेवारी २०२१ मध्ये कळसूबाईच्या सहलीसाठी पुण्याहून निघालेल्या तिघांची मोटार अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात, रात्रीच्या अंधारात, पाण्याखाली गेलेल्या पुलावर शिरली. धरणाच्या पाण्यामुळे तो मार्ग वाहतुकीस बंद असल्याचे परिसरातील लोकांना ठाऊक होते. प्रवासी ज्याच्या आधारे चालले होते त्या दिशादर्शक सॉफ्टवेअरला ते ठाऊक नव्हते. दोघे पोहून बाहेर आले, चालकाचा मात्र बुडून मृत्यू झाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगा नदीवरील तुटक्या पुलावरून मोटार खाली कोसळली आणि तिघे दगावले. पुलाचा एक भाग पुरात वाहून गेला होता, तरी पडद्यावरील रस्ता अखंड होता. या प्रकरणी पुढे सार्वजनिक बांधकाम विभागाच्या अभियंत्यांवर गुन्हा दाखल झाला.

या दोन्ही घटनांत मोटार कोठे आहे, हा प्रश्न नव्हता. पुढचा रस्ता शाबूत आहे की नाही, हा प्रश्न होता. मोबाईल फोन किंवा हातात मावणारे जीपीएस उपकरण वापरताना हा भेद बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पडद्यावरील निळा ठिपका आणि त्याच्या पुढे आखलेली रेघ या दोन वेगवेगळ्या यंत्रणांच्या गोष्टी आहेत. ठिपका उपग्रहांच्या संदेशांवरून ठरतो. रेघ ठरते ती कोणीतरी, कधीतरी तयार केलेल्या नकाशावरून.

ठिपका कसा ठरतो

जीपीएस ही अमेरिकेची उपग्रह यंत्रणा. तिचा पहिला उपग्रह १९७८ साली सोडण्यात आला आणि १९९५ साली ती पूर्ण क्षमतेने कार्यान्वित झाल्याचे जाहीर झाले. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून, सहा कक्षांमध्ये फिरणारे हे उपग्रह दिवसातून दोनदा पृथ्वीप्रदक्षिणा करतात. प्रत्येक उपग्रहावर अणुघड्याळ असते आणि तो अखंडपणे दोनच गोष्टी सांगत राहतो: आता किती वाजले आणि आपण कोठे आहोत. हा संदेश जमिनीवर पोहोचण्यास सेकंदाच्या चौदा-पंधराव्या हिश्शाइतका वेळ लागतो. या विलंबाला प्रकाशाच्या वेगाने गुणले की उपग्रहापर्यंतचे अंतर मिळते. तीन अंतरांवरून जागा निश्चित होऊ शकली असती. पण फोनमधील साधे घड्याळ अणुघड्याळाइतके काटेकोर नसते आणि सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक म्हणजे जमिनीवर ३०० मीटरांची चूक. म्हणून चौथा उपग्रह लागतो. त्याच्या साहाय्याने घड्याळाची चूकही गणितातूनच काढून टाकली जाते.

या साऱ्या व्यवहारात फोन फक्त ऐकतो. उपग्रहाला तो काहीही कळवत नाही. त्यामुळे ठिकाण कळण्यासाठी सिम कार्ड, इंटरनेट किंवा मोबाईल मनोरा यांपैकी कशाचीही गरज नसते. ‘रेंज गेली की जीपीएस बंद’ हा समज चुकीचा आहे. रेंज गेल्यावर बंद पडतो तो इंटरनेटवरून येणारा नकाशा. मनोऱ्यांचा उपयोग एवढाच की, कोणता उपग्रह कोठे आहे याची माहिती फोनला त्यांच्यामार्फत चटकन मिळते. ती मदत नसेल तर हीच माहिती थेट उपग्रहाकडून ऐकावी लागते. तिला प्रत्येक उपग्रहामागे निदान अर्धा मिनिट लागतो, आणि दीर्घकाळ बंद राहिलेले किंवा शेकडो किलोमीटर दूर नेलेले उपकरण पहिल्या वेळी काही मिनिटेही घेते. अशा वेळी ते मोकळ्या आकाशाखाली स्थिर धरावे. चालत राहिल्यास विलंब वाढतोच.

पूर्वी नागरी वापरासाठीच्या संदेशांत अमेरिका हेतुपुरस्सर चूक मिसळत असे आणि त्यामुळे ठिकाण शंभर मीटरपर्यंत ढळे. अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या आदेशाने मे २००० मध्ये ही पद्धत बंद झाली. हातातील उपकरणांचा खरा प्रसार त्यानंतरचा. प्रथम गार्मिनसारख्या कंपन्यांची गिर्यारोहकांसाठीची उपकरणे आली, त्यापाठोपाठ खिशातील छोट्या संगणकांवर चालणारी टॉमटॉमसारखी सॉफ्टवेअर आली, आणि २००७ साली बाजारात आलेल्या नोकिया एन-९५ सारख्या फोनमध्ये जीपीएस चिप आतच बसवलेली मिळू लागली. आज मोकळ्या जागी साधा स्मार्टफोन पाच मीटरच्या आसपास अचूकता देतो. शिवाय तो केवळ अमेरिकी उपग्रहांवर अवलंबून नसतो. रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ आणि चीनची बेइदोऊ या यंत्रणांचे संदेशही तो त्याच वेळी ऐकत असतो.

भारताची स्वतःची यंत्रणा म्हणजे ‘नाविक’. इस्रोने जुलै २०१३ ते एप्रिल २०१६ या काळात तिचे पहिले सात उपग्रह कक्षेत सोडले. भारत आणि सभोवतालचा सुमारे १,५०० किलोमीटरचा प्रदेश हे तिचे क्षेत्र. पहिल्या पिढीतील काही उपग्रहांवरील परदेशी बनावटीची अणुघड्याळे निकामी झाल्याने या यंत्रणेला मोठा फटका बसला. घड्याळ गेले की दिशादर्शनासाठी उपग्रहाचा उपयोग उरत नाही. मे २०२३ मध्ये सोडलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहावर स्वदेशी अणुघड्याळ बसवण्यात आले. सामान्य फोन सहज ऐकू शकतील अशा एल-१ लहरींवरही तो संदेश पाठवतो. जानेवारी २०२५ मधील एनव्हीएस-०२ मात्र नियोजित कक्षेत पोहोचू शकला नाही. नाविकचे संदेश ऐकू शकणारे फोन २०२० पासून भारतीय बाजारात आहेत.

रेघ कोठून येते

नकाशावरचा रस्ता सॉफ्टवेअरच्या दृष्टीने रस्ता नसतो. तो असतो दोन बिंदूंमधील दुवा, आणि त्याला लांबी, अपेक्षित वेग व प्रकार अशी लेबले चिकटवलेली असतात. अशा लाखो दुव्यांतून कमीत कमी वेळेची साखळी शोधणे हे सॉफ्टवेअरचे काम. त्याचे मूळ गणित डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९५९ साली प्रसिद्ध केले होते. गणितात चूक होत नाही, लेबलात होते. शेतातून जाणाऱ्या बैलगाडीच्या वाटेला कोणी ‘पक्का रस्ता’ असे लेबल लावले असेल, तर सॉफ्टवेअर हायवे सोडून मोटारीला त्याच वाटेने नेईल, कारण कागदावर चार मिनिटे वाचतात.

ही लेबले लावते कोण? भारतात १७६७ साली स्थापन झालेल्या सर्व्हे ऑफ इंडियाचे, म्हणजेच भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे दीर्घकाळ नागरिकांना सहज मिळत नव्हते. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नागरी वापरासाठी वेगळी मालिका सुरू झाली आणि फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय कंपन्यांना पूर्वपरवानगीविना नकाशे तयार करण्याची मुभा दिली. दरम्यान दिल्लीची मॅपमायइंडिया ही कंपनी १९९५ पासून, गूगल त्यानंतर, आणि २००४ साली ब्रिटनमध्ये सुरू झालेला, स्वयंसेवकांनी भरलेला ओपनस्ट्रीटमॅप असे पर्याय उभे राहिले. प्रत्येकाची माहिती निराळी, तिचे वयही निराळे. एखाद्या तालुक्यात ओपनस्ट्रीटमॅपवर पाऊलवाटाही सापडतात आणि शेजारच्या तालुक्यात गावेच नसतात. तेथे तो भाग कोणी हौसेने भरला की नाही, यावर सगळे अवलंबून. मुंबई किंवा बेंगळुरूमध्ये रस्ता खणला तर लाखो फोनांच्या मंदावलेल्या वेगावरून ते काही वेळात नकाशाला कळते. जेथे दिवसाला दहा वाहने जातात, तेथे पूल वाहून गेला तरी ते कळवणारे कोणी नसते. बरेली आणि अकोले येथील दुर्घटनांचा हा धडा आहे. पावसाळ्यात फरशी पुलांच्या आणि घाटरस्त्यांच्या मुलखात तो अधिकच लागू होतो.

गावांच्या नावांचा घोळ हा खास आपल्याकडचा. वडगाव, पिंपळगाव, सावरगाव या नावांची गावे एकट्या महाराष्ट्रात किती आहेत, याची गणती करणेही अवघड. नाव टाकल्यावर सॉफ्टवेअर पहिले सापडेल ते दाखवते आणि प्रवासी पन्नास किलोमीटर गेल्यावर दिशा चुकल्याचे ध्यानात येते. म्हणून नावासोबत तालुका किंवा पिन कोड द्यावा आणि निघण्यापूर्वी संपूर्ण मार्ग एकदा लहान करून डोळ्यांखालून घालावा. पाहुण्यांना पत्ता देणाऱ्याने नावाऐवजी ठिकाणच पाठवले, तर हा प्रश्नच उद्भवत नाही.

आणखी एक नेहमीचा अनुभव म्हणजे उड्डाणपूल. ठिपका नेहमी रस्त्यावरच दिसतो, कारण सॉफ्टवेअर त्याला जवळच्या रस्त्यावर ओढून बसवते. वर उड्डाणपूल आणि खाली सेवारस्ता असेल तर दोन्हींचे अक्षांश-रेखांश जवळपास एकच, आणि उपग्रहांवरून काढलेली उंची तर आडव्या स्थानापेक्षाही कमी भरवशाची. तेथे फोन काय सांगतो यापेक्षा फलक काय सांगतो, ते पाहणे शहाणपणाचे.

निघण्यापूर्वी

नकाशा आधी उतरवून घेणे ही सर्वांत महत्त्वाची तयारी होय. बहुतेक ॲपमध्ये निवडलेला प्रदेश फोनमध्ये साठवण्याची सोय असते. ऑसमअँड किंवा ऑरगॅनिक मॅप्ससारखी ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारी ॲप तर मुळातच इंटरनेटविना वापरण्यासाठी तयार झालेली आहेत. नकाशा उतरवल्यावर फोन एकदा विमान मोडवर टाकून मार्ग निघतो का, हे घरीच पाहावे. साठवलेल्या नकाशावर वाहतुकीची ताजी स्थिती दिसत नाही, हे गृहीत धरून वेळेचा अंदाज बांधावा.

त्यानंतर वाहनाचा प्रकार. दुचाकीसाठीचा मार्ग मोटारीला चालत नाही. गूगलने दुचाकीचा स्वतंत्र पर्याय डिसेंबर २०१७ मध्ये आणला तो प्रथम भारतातच. तो चुकून निवडलेला राहिला, तर मोटार अरुंद गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबते. काही ॲपमध्ये कच्चे रस्ते टाळण्याचा पर्यायही असतो. रात्रीच्या प्रवासात तो अवश्य वापरावा. चालकाने फोन हातात धरू नये, पत्ता वाहन थांबवूनच टाकावा आणि पडद्याऐवजी आवाजावर विसंबावे.

डोंगरात आणि आडवाटेवर

सह्याद्रीत किंवा हिमालयात हे उपकरण वेगळ्याच कामाला येते. तेथे सॉफ्टवेअरने वाट शोधून देण्याची अपेक्षाच नसते; चाललेली वाट नोंदवून ठेवणे आणि परतताना तिचाच माग काढणे हे मुख्य काम. ही नोंद जीपीएक्स या सर्वमान्य स्वरूपात साठवली तर ती कोणत्याही उपकरणावर उघडता येते. दुसऱ्याने नोंदवलेली वाट वापरताना ती कोणत्या ऋतूतील आहे, हे विचारून घ्यावे. मे महिन्यात ओलांडलेला ओढा जुलैमध्ये ओलांडता येत नाही.

उपकरण एखाद्या ठिकाणाचे ‘अंतर’ दाखवते तेव्हा ते बहुधा सरळ रेषेतील असते. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर उभे राहून पायथ्याच्या बेलपाड्याकडे बाण रोखला, तर गाव हाकेच्या अंतरावर वाटते. मधला कडा बाणाला दिसत नाही. सांधण दरीसारख्या अरुंद घळीत आकाशाची केवळ एक पट्टी उघडी असते, संदेश कातळावर आपटून उशिरा पोहोचतात आणि ठिपका शेजारच्या डोंगरावर उड्या मारू लागतो. अशा ठिकाणी त्याच्यामागे न धावता मोकळी जागा येईपर्यंत थांबणे बरे.

जुने सर्वेक्षण नकाशे वापरणाऱ्यांसाठी एक सूचना आवश्यक आहे. ते नकाशे पृथ्वीच्या आकाराचे एव्हरेस्ट हे एकोणिसाव्या शतकातील मोजमाप धरून काढलेले आहेत, तर जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ हे मोजमाप वापरते. तेच अक्षांश-रेखांश एकावरून दुसऱ्यावर तसेच उतरवले तर शंभर मीटरच्या आसपास फरक पडू शकतो. डोंगराच्या धारेवर एवढा फरक पुरेसा असतो. उंचीचेही तसेच. उपग्रहांवरून निघणारी मूळ उंची समुद्रसपाटीपासूनची नसून पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची असते. भारताच्या परिसरात प्रत्यक्ष समुद्रसपाटी या गणिती आकाराच्या खाली आहे. म्हणून दुरुस्ती न करणाऱ्या ॲपवर गिरगाव चौपाटीवर उभ्या असलेल्या माणसाची उंची उणे साठ मीटरच्या आसपास दिसते. तो बुडालेला नसतो, आणि फोनही बिघडलेला नसतो.

बॅटरीचा प्रश्न जंगलात गंभीर ठरतो. सर्वाधिक वीज पडदा खातो, आणि रेंज नसलेल्या भागात सतत मनोरा शोधणारा फोनही. विमान मोडवर ठिकाण कळत राहते आणि बॅटरी कितीतरी अधिक टिकते. थंडीत ती झपाट्याने उतरते, म्हणून फोन आतल्या खिशात ठेवावा. कागदी नकाशा आणि होकायंत्र सोबत असावे, हे सांगणे आता जुनाट वाटते. पण त्यांना चार्जिंग लागत नाही.

संकटसमयी स्वतःचे ठिकाण शब्दांत सांगता येणे फार उपयोगी पडते. ११२ या क्रमांकावर बोलताना ‘मोठ्या झाडापाशी’ असे सांगण्यापेक्षा अक्षांश-रेखांश वाचून दाखवावेत. ते दशांशात आहेत की अंश, मिनिटे, सेकंदात, हेही सांगावे, १८.३० आणि १८ अंश ३० मिनिटे यांत बावीस किलोमीटरांचे अंतर आहे. इंटरनेट नसताना बोलणे अशक्य झाले, तरी साधा एसएमएस अनेकदा पोहोचतो, म्हणून हे आकडे मजकुरातूनही पाठवावेत. परदेशात सर्रास मिळणारी, उपग्रहामार्फत संदेश पाठवणारी उपकरणे आणि उपग्रह फोन मात्र भारतात परवान्याविना बाळगता येत नाहीत. ती सोबत आढळल्याने पर्यटकांना विमानतळांवर ताब्यात घेण्याचे प्रकार घडले आहेत. केवळ ऐकणाऱ्या साध्या जीपीएस उपकरणाला हा परवान्याचा नियम लागू नाही.