खंड, लेखांक आणि हवाला

शहापुरानजीकच्या ज्या माहुली किल्ल्यावर १६३६ साली शहाजीराजांनी मोगल व आदिलशाही फौजांच्या वेढ्यास तोंड दिले, त्याचा वृत्तान्त लिहू पाहणाऱ्या अभ्यासकास प्रथम हे ठरवावे लागते की, आपले विधान अब्दुल हमीद लाहोरीच्या फार्सी ‘बादशाहनाम्या’वर उभे आहे, मराठी शकावलीवर, की एखाद्या उत्तरकालीन बखरीवर, कारण एकीकडे हिजरी सन, दुसरीकडे शक, आणि बखरीत पुष्कळदा मितीचाच अभाव. आधार नमूद करण्याची ही शिस्त मराठी इतिहासलेखनात रुजली ती मुख्यतः विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांच्यामुळे. १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे २२ खंड सिद्ध करताना त्यांनी कागदांस लेखांक दिले, आणि दप्तरांच्या रुमालांत बांधून पडलेले अस्सल पत्र खंड व लेखांक एवढ्या दोन आकड्यांनी कोणासही हुडकता येऊ लागले. हे उपकार लहान नव्हेत.

मुरबाडातील वैशाखऱ्याहून चढणाऱ्या नाणेघाटाची गोष्ट निराळी. तेथील सातवाहनकालीन ब्राह्मी शिलालेख भगवानलाल इंद्रजी, ब्यूलर आदी पंडितांनी वाचला. परंतु अक्षरे जागोजाग झिजलेली, म्हणून ‘नाणेघाट लेख’ एवढाच हवाला अपुरा ठरतो, वाचन कोणाचे व कोणत्या वर्षीचे हेही लिहिले पाहिजे. १८८२ च्या ठाणे गॅझेटियरासही हाच नियम लागू : तेरावा खंड की चौदावा, हे सांगावेच लागते, स्थळवर्णने चौदाव्यात आहेत.