ग्रहलाघवाची कुळकथा

पंचांग उघडलं की शनी कुठल्या राशीत, गुरू कधी पालटतो, हे आयतं मिळतं. ही आकडेमोड हातावेगळी करण्याजोगी सोपी केली ती आपल्याच रायगडातल्या माणसाने. मुरूडजवळच्या नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे १५२० साली, ‘ग्रहलाघव’ रचलं. वडील केशव दैवज्ञ स्वतः आकाश पाहून जुन्या ग्रंथांतले ग्रह जागेवर येतात का, हे ताडून बघत. तो वारसा घरचाच.

सिद्धांतग्रंथांच्या रीतीने कलियुगारंभापासून दिवस मोजायचे, तर तेव्हाच ते सोळा लाखांवर गेले होते. गणेशांनी अकरा-अकरा वर्षांची चक्रं पाडली. शके १५०० चा ग्रह हवा? १४४२ वजा करा, उरले ५८. अकराने भागा, पाच चक्रं आणि वर तीन वर्षं. एका चक्रात ग्रह किती सरकतो तो अंक तयार. दिवस मोजायचे ते फक्त वरच्या तीन वर्षांचे. त्रिकोणमितीतल्या ज्या-चापांची किचकट कोष्टकंही त्यांनी टाळली.

पण ग्रहाचा ठिकाणा सांगायला एक रास आणि तिचे अंश एवढ्यावर बहुतेक भागतं, ते का? चौक गावाहून रात्री उत्तरेला इर्शाळगडाच्या बाजूला पाहा. तिकडे ध्रुव दिसेल, पण त्याच्याजवळ ग्रह कधीच फिरकत नाही. सगळे ग्रह सूर्याच्या वाटेलगतच्या अरुंद पट्ट्यातून जातात. कारण सुमारे ४६० कोटी वर्षांपूर्वी वायू आणि धुळीचा एक ढग स्वतःच्याच गुरुत्वाने आकसला, फिरता फिरता चपटा झाला. मधे सूर्य पेटला. जवळच्या उष्णतेत खडक आणि धातू तेवढे तगले. त्यांचे बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ झाले. लांब थंडीत बर्फही टिकलं, म्हणून गुरू-शनी अवाढव्य वाढले. चकती एकच, म्हणून आठही ग्रहांच्या कक्षा जवळजवळ एकाच पातळीत. सर्वांत कललेला बुध, तोही सात अंशांनीच.

ग्रहलाघवावर महाराष्ट्राची पंचांगं तीनशेहून अधिक वर्षं चालली. मात्र बारीक चुका साठत गेल्या आणि गणित आकाशाशी जुळेना. तेव्हा अलिबागजवळच्या नागावचे केरो लक्ष्मण छत्रे पुढे आले. युरोपीय वेधांच्या आधारे त्यांनी ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ केली, त्यातूनच पटवर्धनी पंचांग निघालं. जुनं गणित मोडीत काढताना छत्र्यांनी कसोटी मात्र केशव दैवज्ञांचीच लावली: ग्रह आकाशात दिसतो तिथेच पंचांगात असला पाहिजे.