मुक्या प्राण्यांच्या कैवाराचे दोन मार्ग

बोरघाटांतील गाडीरस्ता १८३० सालीं खुला झाला. त्यापूर्वीं घाट चढणारा माल लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून जात असे. आतां पनवेल बंदरांतून पुण्यास निघालेल्या गाड्यांचें जूं बैलांच्या मानेवर आलें. गाडीचीं चाकें करण्याबद्दल पनवेलची ख्याति झाली. तीं चाकें ओढणाऱ्या मुक्या जिवांचा कैवार मात्र खाडीपलीकडे मुंबईंत, आणि तोहि दोन निरनिराळ्या मार्गांनीं सुरू झाला.

पहिला मार्ग आश्रयाचा. १८३२ सालीं भटकीं कुत्रीं मारण्याच्या सरकारी हुकुमावरून मुंबईंत दंगा झाला. त्यांत पारशी लोक अग्रभागीं होते. दोनच वर्षांनीं जमशेटजी जिजीभाई व जैन व्यापारी यांनीं मिळून पांजरपोळाची स्थापना केली. जीव घेऊं नये, थकलेल्या जनावरास अखेरपर्यंत चारापाणी मिळावें, हा त्यामागील हेतु.

दुसरा मार्ग कायद्याचा. लंडनमध्यें १८२४ सालीं निघालेल्या संस्थेच्या धर्तीवर मुंबईंत १८७४ सालीं प्राण्यांवरील क्रूरतेचें निवारण करणारी मंडळी स्थापन झाली; १८९० सालीं ब्रिटिश हिंदुस्थानाकरितां तसा कायदाहि झाला. जनावर राबविण्यास या मार्गाचा आक्षेप नव्हता. अतिभार व छळ हे मात्र अपराध ठरले.

दोहोंतहि उणें होतें. बैल कामास येईनासा झाला म्हणजे पांजरपोळाचें दार उघडे. त्यापूर्वींच्या कष्टांचें काय? कायद्याची दृष्टि रस्त्यावर असे. पण त्याचा हात दरिद्री गाडीवानापर्यंत जितका सहज पोंचे, तितका जादा माल भरावयास लावणाऱ्या पेढीपर्यंत पोंचत नसे.

हा वाद अद्याप मिटलेला नाहीं. बैलगाड्यांच्या शर्यती सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं बंद केल्या; राज्यानें २०१७ सालीं कायदा दुरुस्त केला आणि २०२३ सालीं घटनापीठानें ती दुरुस्ती ग्राह्य धरली. शर्यतीमुळें खिलार बैलांची जोपासना होते, असें एक पक्ष म्हणतो. भयानें पळणारें जनावर खेळांत स्वेच्छेनें उतरलेलें नसतें, असें दुसरा.

माझ्या मतें, जीव वांचला काय आणि वेदना टळली काय, या जुन्या प्रश्नांस तिसरा जोडला पाहिजे: हे श्रम कोणाच्या गरजेसाठीं? धान्य ओढणाऱ्या बैलाच्या कष्टांस निदान पोटाची सबब होती. करमणुकीस ती नाहीं. म्हणून तेथें नियम अधिक कडक पाळले गेले पाहिजेत, आणि त्यांचा भार एकट्या हांकणाऱ्यावर न टाकतां शर्यत भरविणाऱ्यांनीं व बक्षिसें लावणाऱ्यांनींहि उचलला पाहिजे.