चुकीचा भाव

संगणकभाषेच्या माहितीपुस्तकात एका पानावर आज्ञेचं नाव ठळक छापलेलं असतं, पुढच्या पानावर तेच तिरक्या अक्षरांत. वाचणारा जरा अडखळतो आणि पुढे जातो. कळवायचं तर कोणाला? आणि ‘एवढंच ना?’ हे उत्तर ऐकायला कोण बसलंय!

डोनाल्ड क्नुथ यांनी या ‘एवढंच’चा दर ठरवून टाकला. त्यांच्या पुस्तकातली चूक जो पहिल्यांदा दाखवेल त्याला २ डॉलर ५६ सेंट. २५६ म्हणजे सोळाच्या पायावर मोजलेले १००, गणितज्ञाचा विनोद. पण खरी गंमत दरपत्रकात आहे. सिद्धान्तातली चूक असो, इतिहासातली असो की छपाईतली, भाव एकच.

छपाईवर एवढा जीव का, याचं उत्तर १९७७ मध्ये सापडतं. ‘द आर्ट ऑफ कम्प्युटर प्रोग्रॅमिंग’च्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रितं हाती आली. शिशाच्या खिळ्यांची जागा फोटोटाइपसेटिंगने घेतली होती, आणि पानांचं ते रूप त्यांना इतकं खटकलं की पुस्तक बाजूला ठेवून त्यांनी अक्षरजुळणीची स्वतःची भाषाच रचायला घेतली. तीच ‘टेख’. (‘टेक्स’ म्हणणाऱ्यांना क्नुथ दुरुस्त करतात. मराठी जिभेला ‘ख’ जड जाऊ नये.) थोडक्यात आटपेल असं वाटलेलं काम दहाएक वर्षं पुरलं.

या काळात ते चुकांची रोजनिशी ठेवत होते. १९८९ साली त्यांनी ती छापली. साडेआठशेहून अधिक नोंदी, प्रत्येकीपुढे वर्गाचं अक्षर. घोडचुकीला एक अक्षर, क्षुल्लक मुद्रणदोषालाही एक. आपल्याकडे शुद्धिपत्र पुस्तकाच्या शेवटी, तेही ओशाळल्यासारखं चिकटवलेलं असतं. इथे लेखकाने तोच निबंधाचा विषय केला.

टेखच्या आज्ञावलीतल्या चुकीचं बक्षीस तर वर्षागणिक दुप्पट होत ३२७.६८ डॉलरवर थांबलं. ही उदारता नव्हे, चक्क पैज आहे. पुस्तकांच्या २.५६ डॉलरच्या धनादेशांचं काय झालं? बरेच जण ते वटवतच नसत, चौकट करून भिंतीवर लावत. काहींनी त्यांची छायाचित्रं इंटरनेटवर टाकली. धनादेशावर खातेक्रमांक असतोच, चोरांचं फावलं. २००८ पासून क्नुथ खरे धनादेश देत नाहीत, ‘बँक ऑफ सॅन सेरिफ’चं प्रमाणपत्र देतात. हा देश ‘गार्डियन’ने १९७७ च्या १ एप्रिलला कल्पनेतून वसवला होता, राजधानीचं नाव बोडोनी. सगळी नावं मुद्रकांच्या परिभाषेतली.

पैसा खोटा झाला तरी तपासणी खरीच राहिली. आलेल्या तक्रारी साठवून क्नुथ काही वर्षांनी एकदम हातावेगळ्या करतात. २०२१ च्या फेरीनंतर टेखची आवृत्ती ३.१४१५९२६५३ झाली, दर दुरुस्तीगणिक ती ‘पाय’कडे एक अंक सरकते. पुढची फेरी २०२९ साली. तेव्हा ते ९१ वर्षांचे असतील.