ओव्हरक्लॉकिंग व अपग्रेड (घरचा गेमिंग संगणक)

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड किंवा रॅम कंपनीने ठरवून दिलेल्या गतीपेक्षा जास्त गतीने चालवणे. अपग्रेड म्हणजे आहे त्याच संगणकातला एखादा भाग काढून त्या जागी वरच्या क्षमतेचा बसवणे. नवा संगणक न घेता खेळ सुरळीत चालावा, हा दोन्हींचा हेतू. या विषयावरच्या बहुतेक मार्गदर्शनात खोलीचे तापमान वीस-बावीस अंश आणि वीज अखंड २३० व्होल्ट धरलेली असते. राळेगणसिद्धीसारख्या (ता. पारनेर, जि. अहिल्यानगर) अवर्षणप्रवण पट्ट्यातल्या गावात या दोन्ही गोष्टी बारा महिने मिळत नाहीत. त्यामुळे इथल्या घरासाठी सगळा हिशोब नव्याने मांडावा लागतो, आणि त्यात ओव्हरक्लॉकिंगचा नंबर शेवटी लागतो.

गतीचे गणित : आजच्या बहुतेक प्रोसेसरमध्ये १०० मेगाहर्ट्झचा मूळ ठोका असतो आणि त्याला गुणकाने गुणून अंतिम गती मिळते, गुणक ४२ असेल तर ४.२ गिगाहर्ट्झ. एकाच साच्यातून निघालेल्या चिपसुद्धा सारख्या नसतात. कमीत कमी कसाची चिपही वर्षानुवर्षे बिनचूक चालावी म्हणून कंपनी गती थोडी हात राखून ठरवते. हा राखून ठेवलेला वाव वापरणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग.

ही हौस घरगुती संगणकाइतकीच जुनी आहे. १९८४ च्या आयबीएम एटी संगणकात १२ मेगाहर्ट्झचा स्फटिक होता व प्रोसेसर त्याच्या निम्म्या, म्हणजे ६ मेगाहर्ट्झ गतीने चाले. लोकांनी तो उपटून १६ चा स्फटिक बसवला आणि ८ मेगाहर्ट्झ मिळवले. कंपनीने पुढच्या आवृत्तीच्या बायोसमध्ये (संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रणालीत) गती तपासणारी अटकाव-व्यवस्था घातली. १९९८ चा सेलेरॉन ३००ए हा या इतिहासातला सर्वांत लाडका प्रोसेसर. त्याचा गुणक ४.५ वर कुलूपबंद होता, पण मदरबोर्डचा ठोका ६६ वरून १०० केला की ३०० चे सरळ ४५० मेगाहर्ट्झ होत, आणि कितीतरी महाग पेंटियम २ च्या तोडीचे काम मिळे. २००० च्या सुमारास एएमडीच्या अ‍ॅथलॉन व ड्युरॉन चिपवरचे तुटलेले सूक्ष्म पूल साध्या शिसपेन्सिलीने जोडून गुणक मोकळा करता येई. ग्रॅफाइटमधून वीज वाहते, एवढेच त्यामागचे शास्त्र. २०११ पासून इंटेलने ही मुभा मुख्यतः ‘के’ अक्षराच्या प्रोसेसरांपुरती आणि ठरावीक मदरबोर्डांपुरती ठेवली. एएमडीने २०१७ च्या रायझनपासून बहुतेक प्रोसेसर मोकळे दिले, मात्र सर्वांत स्वस्त ए३२० मदरबोर्डांवर ती सोय ठेवली नाही.

दरम्यान गती वाढवत नेण्याची शर्यत उष्णतेपाशी अडली होती. ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ आणण्याचा बेत इंटेलने २००४ मध्ये सोडला आणि उद्योग एकाऐवजी अनेक गाभ्यांकडे वळला. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक बांधताना हीच दिशा घेतली होती. त्यात अतिवेगवान एकच प्रोसेसर नव्हता, तर अनेक ट्रान्सप्युटर एकत्र कामाला लावले होते. आजचे ग्राफिक्स कार्डही हजारो लहान गाभ्यांच्या जोरावरच चित्र रंगवते. म्हणून अलीकडच्या खेळांत प्रोसेसर पाच-दहा टक्के पळवण्यापेक्षा कार्ड बदलण्याचा लाभ कितीतरी मोठा असतो.

उष्णता : प्रोसेसर खातो ती वीज गतीच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा, ४.० गिगाहर्ट्झला १.२० व्होल्ट लागत होते आणि ४.४ ला १.३२ लागले. गती वाढली १० टक्के. विजेचा व उष्णतेचा खर्च १.१ गुणिले १.२१, म्हणजे ३३ टक्क्यांनी वाढला.

आता हेच आकडे नगर जिल्ह्याच्या हवेत ठेवून पाहावेत. कूलर प्रोसेसरला थंड करतो तो खोलीच्या हवेनेच. तो हवेपेक्षा थंड कधीच करू शकत नाही. मूळ गतीला प्रोसेसर खोलीपेक्षा ४५ अंशांनी तापत असेल, तर डिसेंबरात २० अंशांच्या खोलीत तो ६५ वर राहील आणि मेमध्ये ३८ अंशांच्या खोलीत ८३ वर. ओव्हरक्लॉक केल्यावर हा फरक ६० अंशांचा होतो : डिसेंबरात ८०, मेमध्ये ९८. बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांना आपणहून गती उतरवतात. थंडीत सगळ्या चाचण्या पार केलेला संगणक उन्हाळ्यात खेळ मध्येच अडखळवतो किंवा बंद पडतो, आणि दोष विनाकारण खेळाला दिला जातो. पत्र्याच्या खोलीत तर संध्याकाळी उशिरापर्यंत ऊब उतरत नाही. इथे सेटिंग पक्के करायचे ते एप्रिल-मेच्या दुपारी, दिवाळीच्या सुट्टीत नव्हे.

धुळीचा हिशोब वेगळा धरावा लागतो. पारनेरच्या कोरड्या वाऱ्यात आणि सुगीच्या दिवसांत कॅबिनेटच्या जाळीवर व हीटसिंकच्या पात्यांमध्ये धुळीचा जाड थर बसतो, आणि ओव्हरक्लॉकिंगने मिळवलेले सगळे त्यातच जाते. साफ करताना संगणक बंद करून, वायर काढून, तो अंगणात न्यावा. कोरडा रंगाचा ब्रश व ब्लोअर वापरावा. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. मोकळे सोडले तर ते भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होते. कूलर उतरवला तर जुनी थर्मल पेस्ट पूर्ण पुसून मधोमध वाटाण्याएवढी नवी लावावी. एएम४ सॉकेटच्या रायझनचा कूलर सरळ वर ओढला तर चिकटलेला प्रोसेसर पिनांसकट उपसून येतो. आधी संगणक थोडा चालवून पेस्ट कोमट करावी, मग तो बंद करून कूलर हलका पिळून सोडवावा. असे किती प्रोसेसर वाकड्या पिनांनी दुकानात येतात, हे कोणताही दुरुस्तीवाला सांगेल.

वीज : राळेगणसिद्धीचे नाव विजेच्या संदर्भातही घेतले जाते. शेतीपंपांना दिवसा वीज मिळावी म्हणून राज्याने २०१७ मध्ये जाहीर केलेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या प्रायोगिक प्रकल्पासाठी यवतमाळ जिल्ह्यातील कोळंबीसोबत याच गावाची निवड झाली. शेतीचा आणि गावठाणाचा फीडर (वीजवाहिनी) वेगळा असणे हे घरातल्या संगणकासाठीही महत्त्वाचे आहे. पंप सुरू झाले की व्होल्टेज खाली बसते, आणि गावठाणाबाहेर वस्तीवर राहणाऱ्या अनेक घरांना शेतीच्या लाइनवरूनच वीज मिळत असते. संगणकाच्या भागांना वीज पुरवणाऱ्या जुन्या स्वस्त एसएमपीएसला हा चढउतार झेपत नाही; १०० ते २४० व्होल्टच्या पूर्ण पल्ल्याचा चांगल्या कंपनीचा एसएमपीएस तो सहज सोसतो. म्हणून कॅबिनेटमधल्या रंगीत दिव्यांवर खर्च करण्याआधी तो पैसा एसएमपीएसमध्ये घालावा.

अर्थिंगकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात, याचा अर्थ बहुधा सॉकेटची तिसरी पिन नुसती नावाला आहे. एसएमपीएसमधल्या गाळणी-संधारित्रांमुळे अर्थिंगविना राहिलेला पत्रा मुख्य विजेच्या जवळपास निम्म्या व्होल्टेजवर तरंगतो. प्रवाह अगदी थोडा असतो, तरी रॅम व कार्ड हाताळताना तो घातक ठरू शकतो. इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातले व्होल्टेज मल्टिमीटरवर मोजून घ्यावे. ते एक-दोन व्होल्टच्या आसपास असावे. मुरमाड जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. कोळसा-मीठ भरलेल्या खड्ड्यात वरचेवर पाणी ओतण्याची जुनी पद्धत संगणकाच्याही उपयोगाची आहे.

लाइट जाते तेव्हा ६०० व्हीएचा छोटा यूपीएस साधारण ३६० वॅटच पुरवतो. त्यावर कार्यालयातला संगणक चालेल. मोठे कार्ड जोर लावत असताना असा यूपीएस हातपाय गाळतो. घरच्या इन्व्हर्टरवर संगणक चालवायचा असेल तर मागची कळ ‘यूपीएस’ मोडवर हवी. चांगला एसएमपीएस वीज गेल्यावर साधारण सोळा मिलिसेकंद तग धरतो, आणि इन्व्हर्टरच्या दुसऱ्या मोडमध्ये बदलाला त्याहून जास्त वेळ लागू शकतो. खर्चाचे पाहिले तर ३०० वॅट ओढणारा संगणक रोज चार तास चालला की महिन्याला ३६ युनिट होतात. महावितरणचा घरगुती दर १०० युनिटांच्या पुढे वरच्या टप्प्यात जातो, त्यामुळे छोट्या घराच्या बिलात हे ३६ युनिट ठळक दिसतात.

अपग्रेडचा क्रम : गावाकडचा गेमिंग संगणक पुष्कळदा कार्यालयातून निघालेल्या जुन्या डेल, एचपी किंवा लेनोवोच्या डब्यापासून सुरू होतो. विंडोज ११ ने २०२१ पासून टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय आणि नव्या पिढीचे प्रोसेसर सक्तीचे केले, तर विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे असे धडधाकट संगणक बाजारात स्वस्तात येतात. मुंबईत ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, हा सुट्या भागांचा जुना बाजार. पारनेरकरांना पुणे व नगर जवळ पडते. या डब्यांच्या बायोसमध्ये ओव्हरक्लॉकिंगचा पर्यायच नसतो, हे मात्र घेण्याआधी माहीत असावे.

पहिला पैसा एसएसडीवर घालावा. त्याने खेळातल्या फ्रेम फारशा वाढत नाहीत, पण संगणक सुरू होणे व खेळ उघडणे यातला रेंगाळलेपणा जातो. मग रॅम : १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८ च्या दोन घ्याव्यात, म्हणजे दोन्ही मार्ग एकदम चालतात. रायझन ५ ५६००जीसारख्या, कार्डाविना स्वतःच चित्र काढणाऱ्या प्रोसेसरला याचा सर्वाधिक फायदा होतो. त्यानंतर कार्ड. जुन्या डब्यात वेगळी वीजतार न लागणारे, ७५ वॅटमध्ये भागणारे कार्ड बसते. २०१६ चे जीटीएक्स १०५० टीआय आणि २०१९ चे जीटीएक्स १६५० यांच्या साध्या आवृत्त्या याच कामाच्या. बुटक्या डब्यात कमी उंचीचेच कार्ड मावते, आणि कित्येक डेलमध्ये नेहमीचा २४ पिनांचा एसएमपीएस थेट लागत नाही. पैसे देण्याआधी झाकण उघडून पाहावेच.

अडते कुठे, हे ओळखण्याची सोपी रीत आहे. खेळाचे रिझोल्यूशन एकदम खाली आणावे. फ्रेम वाढल्या तर कार्ड कमी पडत होते. जागच्या जागी राहिल्या तर बहुधा प्रोसेसर. मदरबोर्ड घेताना पुढचा विचार ठेवला तर तो फळतो : एएम४ सॉकेटच्या अनेक बोर्डांवर २०१७ चा रायझन काढून बायोस अद्ययावत केल्यावर २०२२ चा ५८००एक्स३डी बसवता आला.

प्रत्यक्ष ओव्हरक्लॉकिंग : सुरुवात रॅमपासून करावी. ३२०० लिहिलेली डीडीआर४ पट्टी बायोसमध्ये एक्सएमपी (पट्टीवरच्या वेगाची तयार सेटिंग) सुरू करेपर्यंत पुष्कळदा २१३३ किंवा २४०० वरच चालते, आणि विकत घेतलेला वेग वर्षानुवर्षे पडून राहतो. मग गुणक एकेक पायरीने वाढवावा. प्रत्येक पायरीला सिनेबेंच, ओसीसीटी किंवा प्राइम९५ चालवून तापमान पाहावे, रॅमसाठी मेमटेस्ट८६ रात्रभर लावावा. निळा पडदा आला की एक पायरी मागे यावे. व्होल्टेज स्वयंचलित ठेवले तर मदरबोर्ड गरजेपेक्षा जास्त देतो, तेव्हा ते हाताने ठरवलेले बरे.

नगरसारख्या हवेत उलटी वाट जास्त कामाची आहे : गती तीच ठेवून व्होल्टेज उतरवणे, म्हणजेच अंडरव्होल्टिंग. वर्गाचा नियम इथे आपल्या बाजूने येतो. १.२० चे १.१० व्होल्ट झाले तर त्याच गतीला सुमारे १६ टक्के वीज वाचते आणि पंख्याचा आवाजही उतरतो. ग्राफिक्स कार्डांवर एमएसआय आफ्टरबर्नरने हे विंडोजमधूनच करता येते.

द्रव नायट्रोजन (उणे १९६ अंश) किंवा द्रव हेलियम ओतून केलेले ८-९ गिगाहर्ट्झचे विक्रम ही वेगळी कला आहे. ते काही मिनिटांचे असतात. रोजच्या वापरात जादा व्होल्टेजने चिप हळूहळू झिजते. २०२४ मध्ये इंटेलच्या १३व्या व १४व्या पिढीचे काही प्रोसेसर, कोणी ओव्हरक्लॉक न करताही, जादा व्होल्टेजच्या मागणीमुळे अस्थिर होऊ लागले. कंपनीला नवा मायक्रोकोड द्यावा लागला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. ओव्हरक्लॉकिंगने झालेले नुकसान मात्र वॉरंटीत धरले जात नाही. चुकीच्या सेटिंगने संगणक सुरूच झाला नाही, तर वीज पूर्ण काढून मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल काही मिनिटे बाहेर ठेवावा किंवा सीमॉस मोकळे करणाऱ्या दोन पिना क्षणभर जोडाव्यात. बायोस मूळ सेटिंगवर येते; त्यानंतर तारीख-वेळ आणि एक्सएमपी पुन्हा लावावे लागतात.