जमिनीत रोवलेला खांब : अमेरिकेतील पोस्ट-फ्रेम बांधकाम व्यवसायाची वाढ

प्रस्तावना

अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागात, म्हणजे इलिनॉय, आयोवा, विस्कॉन्सिन अशा राज्यांत शेतांमधून प्रवास करताना दोन प्रकारच्या इमारती दिसतात. एक उंच लाकडी बार्न, बहुधा लाल रंगाचा. बार्न म्हणजे गुरे, चारा आणि धान्य एकाच छपराखाली ठेवण्याची शेतावरची इमारत. दुसरी इमारत लांब, बसकी आणि पत्र्याची. पहिलीची चित्रे दिनदर्शिकांवर छापली जातात, दुसरीकडे कोणी फारसे पाहत नाही. पण गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांतला अमेरिकन शेतीचा इतिहास समजून घ्यायचा तर ही दुसरी इमारतच अधिक उपयोगी पडते. तिला बोलीत ‘पोल बार्न’ आणि व्यवसायाच्या भाषेत ‘पोस्ट-फ्रेम’ इमारत म्हणतात.

जमिनीत खांब पुरून वर छप्पर घालणे ही माणसाची फार जुनी युक्ती आहे. मग तिचा मोठा धंदा विसाव्या शतकातच का उभा राहिला? या पाठात आपण त्याची तीन कारणे पाहू : खांबाचे कुजणे आटोक्यात आले, शेतीची पद्धत बदलली आणि शेती संकटात आली तेव्हा हा धंदा शेताबाहेर पडला.

१. जुनी युक्ती, जुनी अडचण

पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथील उत्खननात ताम्रपाषाणयुगीन घरांच्या खांबांचे खड्डे सापडले. लाकूड केव्हाच नाहीसे झाले होते, उरले होते ते खड्डे. या बांधकामाची अडचण नेमकी येथे दिसते. पुरलेला खांब सगळीकडे सारखा कुजत नाही. खोल मातीत हवा कमी असते, जमिनीच्या वर ओल कमी असते. जमिनीलगतच्या वीतभर भागात मात्र हवा आणि ओल दोन्ही मिळतात, आणि बुरशी तेथेच लाकूड खाते.

म्हणून जगभरच्या सुतारांनी लाकूड मातीपासून दूर नेले. आपल्याकडच्या वाड्यांत लाकडी खांब दगडी तळखड्यावर उभा असतो, अमेरिकेतला जुना बार्नही दगडी पायावर बसवलेला असे. पण वर उचललेला खांब स्वतःच्या बळावर उभा राहत नाही. त्याला आडव्या-तिरप्या लाकडांचे बंध, खाचा-कुसवांचे सांधे आणि कसबी सुतार लागतात. जुना बार्न टिकाऊ होता, पण त्याला पैसा, वेळ आणि गावभराचे हात लागत.

२. डोन आणि पर्किन्स

आधुनिक पोल बार्नचे श्रेय सेंट लुईस येथील हॉवर्ड डोन आणि त्यांचे सहकारी बर्नन पर्किन्स यांना दिले जाते. डोन यांची संस्था शेतमालकांना व्यवस्थापनाचा सल्ला देत असे. १९३० च्या दशकाचा आरंभ हा महामंदीचा काळ होता. शेतमालाचे भाव कोसळले होते आणि जुन्या पद्धतीचा बार्न बांधणे बहुतेकांना परवडत नव्हते. अशा वेळी त्यांनी खांब पुन्हा जमिनीत नेला. पर्किन्स यांनी पुढे या रचनेत सुधारणा केल्या आणि १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला तिचे पेटंट मिळाले.

रचना अगदी साधी आहे. साधारण आठ-आठ फुटांवर खांब चार फूट किंवा त्याहून खोल रोवायचे. खांबांना बाहेरून आडव्या पट्ट्या ठोकायच्या, वर कैच्या चढवायच्या आणि सगळ्यावर पत्रा मारायचा. खांब हाच पाया आणि खांब हाच आधार. सलग जोते लागत नाही, भिंतीवर छपराचे वजन येत नाही, आणि वाऱ्याचा जोर खांबामार्फत जमिनीत उतरतो. खर्च वाचतो तो यामुळे. मात्र सगळी भिस्त जमिनीत गेलेल्या लाकडावर पडते.

३. कुजण्यावरचा उपाय आणि देहरादून

लाकडात दाबाने क्रिओसोट हे डांबरी तेल भरण्याची पद्धत इंग्लंडमध्ये जॉन बेथेल यांनी १८३८ मध्येच पेटंट केली होती. रेल्वेचे स्लीपर आणि तारांचे खांब तिच्यामुळे टिकू लागले. १९३६ च्या ग्रामीण विद्युतीकरण कायद्यानंतर अमेरिकेच्या खेड्यापाड्यांत असे खांब मोठ्या संख्येने उभे राहिले. प्रक्रिया केलेला खांब वर्षानुवर्षे टिकतो हे शेतकऱ्याला आपल्या बांधावरच दिसू लागले.

यापुढचा टप्पा भारताशी जोडलेला आहे. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत काम करणारे शास्त्रज्ञ सोन्ती कामेशम यांनी १९३३ मध्ये क्रोमियम, तांबे आणि आर्सेनिक यांचे पाण्यात विरघळणारे संयुक्त मिश्रण तयार केले. तांबे बुरशीला रोखते, आर्सेनिक कीटकांना रोखते, आणि क्रोमियम या दोघांना लाकडाच्या तंतूत पक्के धरून ठेवते, त्यामुळे ते पावसात सहज धुऊन जात नाहीत. १९३८ मध्ये त्याला अमेरिकन पेटंट मिळाले. या मिश्रणाला क्रिओसोटसारखा वास नव्हता, ते अंगाला चिकटत नव्हते आणि लाकडावर रंगही देता येत असे. १९७० च्या दशकापासून अमेरिकेत प्रक्रिया केलेल्या लाकडाच्या बाजारात त्याने वरचे स्थान मिळवले, आणि पोल बार्नचा हिरवट खांब हे नेहमीचे दृश्य झाले. अमेरिकन ग्रामीण बांधकामाच्या इतिहासात देहरादूनचा हा वाटा क्वचितच सांगितला जातो.

४. शेती बदलली, इमारत बदलली

टिकाऊ खांब मिळाला, पण गिऱ्हाईक शेतीतील बदलाने दिले. जुना बार्न उंच होता, कारण सुटे गवत वरच्या माळ्यावर साठवून खालच्या गुरांना टाकायचे असे. १९४० च्या दशकात गवताचे गठ्ठे बांधणारी यंत्रे पसरली आणि माळ्याची गरज कमी झाली. घोड्यांच्या जागी ट्रॅक्टर आला, पाठोपाठ कापणी-मळणीचे अवजड यंत्र आले. त्यांना मधे खांब नसलेली मोकळी जागा आणि रुंद दारे हवी होती. जुन्या बार्नच्या दारातून ही यंत्रे आत जात नव्हती.

शेतेही मोठी झाली. १९३५ मध्ये अमेरिकेत सुमारे ६८ लाख शेते होती आणि सरासरी शेत १५५ एकरांच्या आसपास होते. २०२२ च्या कृषी गणनेत शेतांची संख्या १९ लाखांवर आली आणि सरासरी ४६३ एकरांवर गेली. गिऱ्हाइके घटली, पण प्रत्येकाला लागणारी इमारत मोठी होत गेली.

१९५० च्या दशकात आणखी एक भर पडली. फ्लोरिडात कॅल्विन ज्युरीट यांनी १९५५ मध्ये दातेरी पोलादी पट्टी बनवली. ती दाबून बसवली की कैचीचे सांधे जुळत. त्यामुळे कैच्या कारखान्यात तयार होऊन मालमोटारीने जागेवर येऊ लागल्या.

५. कुंपणापासून इमारतीपर्यंत

या संधीवर उभ्या राहिलेल्या कंपन्यांपैकी इलिनॉयमधील मॉर्टन बिल्डिंग्ज ही एक ठळक कंपनी. १९०३ मध्ये ती शेतीचे कुंपण विकणारी कंपनी म्हणून सुरू झाली आणि १९४९ च्या सुमारास पोल बार्नकडे वळली. शेतकऱ्यांची ओळख होतीच, आता त्यांना पूर्ण इमारत विकायची होती. मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन राज्यांतही अशा कंपन्या निघाल्या. आराखडा, लाकूड, पत्रा आणि उभारणारी टोळी हे सगळे एकाच विक्रेत्याकडून मिळू लागले. पूर्वी बार्न उभारायला शेजारी जमत. आता शेतकरी मापे सांगून मागणी नोंदवू लागला. मात्र पेनसिल्व्हेनिया, ओहायो आणि इंडियाना येथे सामूहिक उभारणीची परंपरा जपणाऱ्या आमिश समाजातील अनेक कारागीर याच धंद्यात ठेकेदार म्हणून उतरले.

६. १९८० चे संकट आणि नवे गिऱ्हाईक

१९८० च्या दशकात चढे व्याजदर, घसरलेले भाव आणि कोसळलेल्या जमिनीच्या किमती यांनी अमेरिकन शेतकऱ्याला कर्जात बुडवले. अनेक शेतांचे लिलाव झाले. नवी इमारत कोण बांधणार? ज्या कंपन्यांचा सगळा भार शेतीवर होता त्यांना दुसरे गिऱ्हाईक शोधणे भाग पडले. दुकाने, गोदामे, अग्निशमन केंद्रे, चर्च, घोडेस्वारीची बंदिस्त मैदाने अशी कामे त्या घेऊ लागल्या.

पण शेतावरच्या इमारतीला बहुतेक ठिकाणी इमारत संहितेतून सूट होती, चर्चला ती नव्हती. केवळ अनुभवावर चालणाऱ्या धंद्याला आता आकडेमोड दाखवावी लागली. कृषी अभियंत्यांनी खांबाची खोली, मातीची पकड आणि पत्र्याच्या आवरणामुळे इमारतीला मिळणारा ताठरपणा यांचा अभ्यास केला. १९९० च्या आसपास त्याची मानके तयार झाली आणि पुढे इमारत संहितांनी ती स्वीकारली. धंद्याला शास्त्रीय प्रतिष्ठा मिळाली ती अशी, संकटामुळे.

७. अलीकडचे प्रवाह

(अ) आर्सेनिकचा प्रश्न : मुलांच्या खेळण्याच्या जागा आणि घरांचे ओटे याच लाकडाचे असल्याने चिंता वाढली. २००३ च्या अखेरीस बहुतेक निवासी कामांसाठी हे मिश्रण वापरणे थांबले. शेतकी इमारतींचे खांब यांसारख्या काही वापरांना मुभा राहिली. जोडीला तांब्यावर आधारलेली दुसरी मिश्रणे आली. काहींनी खांबाचा फक्त खालचा भाग प्रक्रिया केलेला ठेवला, काहींनी तो सिमेंट काँक्रीटचा केला. तळखड्याची जुनी कल्पना नव्या रूपात परत आली, असे म्हणता येईल.

(आ) राहण्याचे घर : ‘बार्न’ आणि ‘कॉन्डोमिनियम’ यांतून १९८९ मध्ये ‘बार्नडोमिनियम’ हा शब्द निघाला. सुरुवातीला तो घोडे पाळणाऱ्यांच्या वसाहतीसाठी होता. गेल्या दशकात दूरचित्रवाणीमुळे तो घराघरात पोहोचला आणि पोस्ट-फ्रेम सांगाड्यात राहती घरे बांधण्याची मागणी वाढली.

(इ) कच्च्या मालाची अस्थिरता : मे २०२१ मध्ये लाकडाचा वायदेबाजारातील भाव दर हजार बोर्ड-फुटांना १,६०० डॉलरच्या वर गेला आणि नंतर झपाट्याने उतरला. स्वस्ताईवर चालणाऱ्या व्यवसायाला असा चढ-उतार जास्त बाधतो.

समारोप

पोस्ट-फ्रेम व्यवसायाची वाढ ही एका शोधाची कथा नाही. रचना जुनी होती. तिला रसायनाने आयुष्य दिले, यंत्रशेतीने बाजार दिला आणि शेतीच्या संकटाने शिस्त लावली. त्याच वेळी गावाच्या सामूहिक श्रमाची जागा विक्रेत्याने घेतली, लहान शेते नाहीशी झाली आणि मातीत आर्सेनिक गेले. स्वस्त इमारतीची किंमत मोजताना हा हिशेबही मांडावा लागतो.

स्वाध्याय

१. पुरलेला खांब जमिनीलगतच का कुजतो? त्यावर कोणकोणते उपाय झाले?
२. शेतीच्या यांत्रिकीकरणाचा इमारतीच्या आकारावर कसा परिणाम झाला ते सोदाहरण लिहा.
३. आपल्या परिसरातील जुना गोठा आणि नवी पत्र्याची शेड पाहा. साहित्य, मजूर आणि टिकाऊपणा या मुद्द्यांवर त्यांची तुलना करा.